‘न केलेली’ नाकाबंदी : भारत आणि नेपाळ, २०१५-१६

सप्टेंबर २०१५ च्या शेवटच्या आठवड्यात बिहारमधल्या रक्सौल नाक्यावर नेपाळकडे निघालेले मालट्रक थांबले. ते पुन्हा नीट चालू लागले फेब्रुवारी २०१६ मध्ये. मधल्या साडेचार महिन्यांत काठमांडूत गॅसचे सिलिंडर अर्धे भरून विकले गेले, पेट्रोल काळ्या बाजारात गेले आणि भूकंपात घर गमावलेल्या हजारो कुटुंबांनी पत्र्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या आडोशाला हिवाळा काढला. नेपाळमध्ये या काळाला ‘भारतीय नाकाबंदी’ म्हणतात. भारत सरकारच्या लेखी अशी नाकाबंदी झालेलीच नाही.

मोठ्या देशाने लहान शेजाऱ्याशी कसे वागावे, याची चर्चा सहसा ‘दादागिरी की मैत्री’ अशा ढोबळ भाषेत होते. इथे ती भाषा पुरत नाही. या प्रकरणात भारताची तक्रार पोकळ नव्हती. साधनही जबर होते; जगातल्या फार थोड्या देशांची शेजाऱ्याच्या रोजच्या जगण्यावर इतकी पकड असते. तरीही शेवटी मागितलेले बहुतेक मिळाले नाही आणि न मागितलेले बरेच पदरात पडले. हे कसे घडले ते क्रमाने पाहू.

पकड कशी होती

नेपाळच्या तीन बाजूंना भारत आहे आणि उत्तरेला हिमालय, त्यापलीकडे तिबेट. भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५० किलोमीटर लांब आणि खुली. दोन्हीकडचे नागरिक पासपोर्ट, व्हिसाशिवाय ये-जा करतात. १९५० च्या शांतता व मैत्री करारामुळे एकमेकांच्या देशात राहण्याची आणि कामधंदा करण्याचीही मुभा आहे. समुद्रमार्गे येणारा नेपाळचा माल तेव्हा कोलकाता-हल्दियाला उतरून रस्त्याने किंवा रेल्वेने वर जायचा. भारताशी चालणाऱ्या व्यापारातला निम्म्याहून अधिक एकट्या रक्सौल-बीरगंज नाक्यातून होत असे. पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन, स्वयंपाकाचा गॅस या सगळ्यांचा पुरवठादार एकच, इंडियन ऑइल. नेपाळ ऑइल कॉर्पोरेशनचे टँकर भारतातल्या डेपोंवर येऊन भरून जात.

उत्तरेकडचे चीनचे रस्ते एप्रिल-मे २०१५ च्या भूकंपांनी बंद पाडले होते. तातोपानीचा नाका ढासळला तो पुढे २०१९ पर्यंत उघडला नाही. रसुवागढीचा रस्ता कसाबसा सुरू झाला तो ऑक्टोबर २०१५ मध्ये. म्हणजे दक्षिणेचे दार लोटले की घर बंद, अशी स्थिती होती.

दिल्लीला ही पकड नवी नव्हती. मार्च १९८९ मध्ये व्यापार व पारगमन (एका देशातून दुसऱ्याच्या मालाची ने-आण) करारांची मुदत संपली, तेव्हा राजीव गांधी सरकारने दोन नाके सोडून बाकी सगळे बंद केले. राजे बीरेंद्र यांच्या सरकारने चीनकडून शस्त्रे घेतली होती, हे त्यामागचे मोठे कारण. तेरा महिन्यांत नेपाळमधली राजाच्या हातातली, पक्षविरहित ‘पंचायत’ राजवट कोसळली, बहुपक्षीय लोकशाही आली आणि नव्या सरकारशी दिल्लीचे जुळले. नाक दाबले की तोंड उघडते, हा धडा दिल्लीच्या परराष्ट्र खात्यात तेव्हापासून मुरला असावा. पण १९८९ मध्ये लोकांच्या रागाला राजवाडा हे एक जवळचे ठिकाण होते. रांगेत उभा असलेला माणूस भारतावर चिडत होता तसाच, किंबहुना जास्त, राजावर चिडत होता. २०१५ मध्ये समोर राजा नव्हता. लोकांनी निवडून दिलेली संविधान सभा होती, आणि हा फरक किरकोळ नाही.

मधेशचे दुखणे

नेपाळच्या दक्षिणेची सपाट पट्टी म्हणजे तराई किंवा मधेश. २०११ च्या जनगणनेनुसार देशाची निम्मी लोकसंख्या तराईत राहते. तिथल्या मधेशी समाजाची भाषा मैथिली, भोजपुरी, अवधी; सोयरीक बिहार आणि उत्तर प्रदेशात. सीमेच्या दोन्ही बाजूंना या नात्याला ‘रोटी-बेटी’चे नाते म्हणतात. काठमांडूतल्या पहाडी सत्ताधाऱ्यांनी मधेशींना कायम अर्धे भारतीय समजून वागवले, ही त्यांची तक्रार जुनी आणि खरी आहे. लष्करात, नोकरशाहीत, न्यायव्यवस्थेत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

२००७ च्या मधेश आंदोलनानंतर अंतरिम संविधानात संघराज्याचे तत्त्व आले. फेब्रुवारी २००८ च्या करारात सरकारने स्वायत्त मधेशचे आश्वासन दिले. पहिली संविधान सभा संविधान न करताच २०१२ मध्ये विसर्जित झाली. दुसरी नोव्हेंबर २०१३ मध्ये निवडून आली, आणि तिच्यात मधेशी पक्षांचे बळ घटले होते.

मग भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसे गेली. या धक्क्याने एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे मोठे पक्ष एकत्र आले. जून २०१५ मध्ये नेपाळी काँग्रेस, कम्युनिस्टांचा एमाले पक्ष, माओवादी आणि विजय गच्छदार यांचा मधेशी पक्ष यांनी सोळा कलमी समझोता केला आणि संविधानाची गाडी सुसाट सुटली. आठ वर्षे अडलेले काम तीन महिन्यांत उरकले गेले.

उरकण्याच्या घाईत तीन गोष्टी मधेशींच्या विरोधात गेल्या. सात प्रांतांच्या आखणीत तराईचे फक्त आठ जिल्हे सलग सपाट प्रांतात राहिले. पूर्वेचे झापा, मोरंग, सुनसरी आणि पश्चिमेचे कैलाली, कंचनपूर हे वादाचे जिल्हे पहाडी प्रांतांना जोडले गेले. मतदारसंघ आखताना प्रत्येक जिल्ह्याला किमान एक जागा दिल्याने विरळ वस्तीच्या डोंगरी जिल्ह्यांचे वजन वाढले. आणि नागरिकत्वाच्या तरतुदींत परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या नेपाळी स्त्रीच्या मुलांना वेगळा, दुय्यम दर्जा मिळाला. अंगीकृत (वंशाने नव्हे, नंतर नागरिकत्व मिळालेल्या) नागरिकांना राष्ट्रपती, पंतप्रधान अशा सर्वोच्च पदांची दारे बंद झाली. सीमेपलीकडे सोयरीक असणाऱ्या समाजाला हे कलम कुठे बोचणार ते उघड होते.

तराई पेटली. २४ ऑगस्टला कैलालीतल्या टीकापूर इथे जमावाने पोलिसांवर हल्ला केला. त्यात आठ पोलीस आणि एक तान्हे मूल मरण पावले. पुढच्या आठवड्यांत पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक मारले गेले. संविधान लागू होईपर्यंत मृतांची संख्या चाळिशी ओलांडून गेली होती.

वरातीमागून घोडे

इथे दिल्लीची पहिली चूक दिसते, आणि ती नाकाबंदीच्या आधीची आहे.

ऑगस्ट २०१४ मध्ये नरेंद्र मोदी काठमांडूत गेले. सतरा वर्षांत भारतीय पंतप्रधानांचा तो पहिलाच द्विपक्षीय दौरा. संविधान सभेतल्या भाषणाने त्यांनी सभागृह जिंकले होते. १ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सार्क परिषदेला ते पुन्हा गेले, संविधान सर्वसहमतीने करा असे सुचवून आले. भूकंपानंतर काही तासांत भारतीय वायुदलाची विमाने मदत घेऊन उतरली. भारतीय वृत्तवाहिन्यांच्या आगाऊपणाने त्या सदिच्छेला पुढे बराच डाग लागला, तो भाग वेगळा. पण जूनमध्ये सोळा कलमी समझोता झाला तेव्हा, ऑगस्टमध्ये प्रांतांच्या सीमा ठरत होत्या तेव्हा, दिल्लीचे वजन नेमके कुठे खर्च होत होते हे शोधावे लागते. मसुदा चर्चेत असताना एक शब्द बदलणे सोपे असते; मतदान झाल्यावर ते सगळ्यांच्याच अब्रूचे होऊन बसते.

१६ सप्टेंबरला संविधान सभेने ५०७ विरुद्ध २५ मतांनी संविधान मंजूर केले. मधेशी पक्षांच्या बहुतेक सदस्यांनी मतदानावर बहिष्कार टाकला होता. त्यानंतर, १८ तारखेला, परराष्ट्र सचिव एस. जयशंकर पंतप्रधानांचे विशेष दूत म्हणून काठमांडूत पोहोचले. घोषणेला दोन दिवस उरले होते. त्यांनी नेत्यांना भेटून जे सांगायचे ते सांगितले, आणि काठमांडूच्या राजकारणात त्याचा अर्थ लावला गेला तो एकच : हे धमकी द्यायला आले आहेत. २० सप्टेंबरला राष्ट्रपती रामबरन यादव यांनी संविधान जारी केले. ते स्वतः मधेशी, हे इथे नोंदवण्यासारखे आहे. भारताच्या निवेदनात अभिनंदन नव्हते. संविधान जारी झाल्याची ‘नोंद घेतली’ एवढेच होते.

चारेक दिवसांत ट्रक थांबले.

कोणी थांबवले?

भारताची अधिकृत भूमिका अशी : नेपाळच्या बाजूला अशांतता आहे, आंदोलक नाक्यावर बसले आहेत, आमचे वाहतूकदार आणि चालक जीव धोक्यात घालायला तयार नाहीत. यात तथ्य होते. रक्सौल आणि बीरगंज यांच्यामधल्या मितेरी पुलावर, दोन्ही देशांमधल्या मोकळ्या पट्ट्यात, मधेशी आंदोलक खरोखरच तंबू ठोकून बसले होते. ज्या नाक्यावर माणसे बसली आहेत तिथून ट्रक कसा जाणार?

पण नाके अनेक होते. जिथे कुणी धरणे धरले नव्हते त्या नाक्यांवरही तपासणी मंदावली आणि रांगा लांबल्या. इंधनाचे टँकर भारतातल्या डेपोंवर जाऊन रिकामे परतू लागले. चालकाच्या सुरक्षेची काळजी भारतीय हद्दीतल्या डेपोला का असावी, याचे पटणारे उत्तर कधी मिळाले नाही. लेखी आदेश असेल-नसेल. सीमेवरच्या यंत्रणेला वरचा कल कळायला कागद लागत नाही. भारताने नाकाबंदी ‘केली’ म्हणण्यापेक्षा मधेशींनी केलेल्या नाकाबंदीला भारताने आपले वजन दिले आणि तिची व्याप्ती वाढवली, असे म्हणणे माझ्या मते वस्तुस्थितीला जास्त धरून आहे.

ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार दिल्लीला सोयीचा वाटला असणार. संयुक्त राष्ट्रांत उत्तर द्यावे लागत नाही, भूपरिवेष्टित देशाला समुद्रापर्यंत वाट देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत मोडल्याचा ठपका येत नाही, देशातल्या विरोधकांना तोंड देता येते. मात्र या सोयीची किंमत मोठी होती. दबाव ही सौद्यातली चीज आहे. ‘हे करा, मग आम्ही ते उचलू’ एवढे स्पष्ट म्हणता आले तरच तिचा उपयोग. जी नाकाबंदी आपण केलीच नाही ती उठवण्याची ऑफर कशी देणार? अटी उघड मांडता येईनात. नेपाळच्या संविधानात भारताला हव्या असलेल्या सात दुरुस्त्यांची यादी एका भारतीय दैनिकात छापून आली, तेव्हा परराष्ट्र खात्याला तीही नाकारावी लागली. दबाव जमिनीवर होता; त्याला जोडलेली मागणी कागदावर कुठेच नव्हती.

उलट बाजूने सोसणाऱ्याला मात्र काहीच नाकारावे लागत नव्हते.

ओलींचा फायदा

११ ऑक्टोबरला नेपाळी काँग्रेसचे मावळते पंतप्रधान सुशील कोइराला यांचा ३३८ विरुद्ध २४९ मतांनी पराभव करून एमालेचे के. पी. शर्मा ओली पंतप्रधान झाले. तोवर ओली हे भारताशी जुळवून घेणारे नेते समजले जात. नाकाबंदीने त्यांना राष्ट्रवादी नेत्याची वस्त्रे आयती शिवून दिली. नाके उघडल्याशिवाय भारताचा दौरा करणार नाही, ही त्यांची भूमिका काठमांडूच्या गॅसच्या रांगेत टाळ्या घेत होती. गंमत म्हणजे सोळा कलमी समझोत्यावर सही करून नंतर बाहेर पडलेले मधेशी नेते गच्छदार त्यांच्याच मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले.

सर्वांत मोठे नुकसान मधेशींचे झाले, आणि याकडे भारतात फारसे कुणी पाहत नाही. ऑगस्टमध्ये प्रश्न होता : नेपाळी राज्य आपल्याच नागरिकांना समान वागवते का? काठमांडूतले अनेक पहाडी विचारवंतही तेव्हा मधेशींच्या बाजूने लिहीत होते. ऑक्टोबरमध्ये प्रश्न बदलला : नेपाळ सार्वभौम आहे की नाही? या दुसऱ्या प्रश्नाला नेपाळमध्ये एकच उत्तर असते. ज्यांच्यावर ‘तुम्ही भारताचे’ हा जुना आरोप होता, त्यांच्याच लढ्यावर भारताचा शिक्का बसला. त्यांचे मृत्यू मागे पडले, सिलिंडर पुढे आले. २ नोव्हेंबरला नेपाळी पोलिसांनी मितेरी पूल मोकळा केल्यावर बीरगंजमध्ये चकमक झाली, गोळीबारात एक भारतीय तरुण ठार झाला. तेव्हा तर हे भांडण दोन देशांचेच होऊन बसले.

थंडी वाढत होती. भूकंपात पाच लाखांच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली होती आणि बांधकामाचे साहित्य अडकले होते. नोव्हेंबरच्या शेवटी युनिसेफने इशारा दिला की इंधन, औषधे, लशी यांच्या टंचाईमुळे पाच वर्षांखालील ३० लाखांहून अधिक मुले धोक्यात आहेत. जूनमध्येच पुनर्बांधणीसाठी १ अब्ज डॉलर देऊ केलेल्या देशाच्या नावावर हे जमा होत होते.

याच नोव्हेंबरात भारताने आणखी एक चमत्कारिक पाऊल टाकले. जिनिव्हात मानवाधिकार परिषदेच्या आढाव्यात नेपाळच्या परिस्थितीचा मुद्दा मांडला आणि ब्रिटनबरोबरच्या संयुक्त निवेदनात नेपाळच्या सर्वसमावेशक संविधानाचा उल्लेख करवून घेतला. शेजारातले वाद दोघांत मिटवायचे, तिसऱ्याला आणायचे नाही, हा भारताचा दशकांचा आग्रह. काश्मीर असो की अन्य काही, त्याच पायावर भारत उभा असतो. तो पाया आपणच उकरण्यासारखा हा प्रकार होता.

चीन : थोडे तेल, मोठा करार

ऑक्टोबरच्या अखेरीस नेपाळ ऑइल कॉर्पोरेशनने पेट्रोचायनाशी समझोता केला आणि चीनने १३ लाख लिटर पेट्रोल भेट दिले. देशाच्या गरजेपुढे ते काहीच नव्हते. रसुवागढीच्या दरडी कोसळणाऱ्या रस्त्याने नेपाळची चूल पेटणार नाही, हे बीजिंगला आणि काठमांडूला दोघांनाही माहीत होते. पुढे तो व्यापारी पुरवठा झालाही नाही.

खरी गोष्ट मार्च २०१६ मध्ये घडली. ओली आधी फेब्रुवारीत दिल्लीला येऊन गेले होते. मग बीजिंगला जाऊन त्यांनी पारगमन आणि वाहतूक करार केला. २०१९ मध्ये त्याचा तपशील ठरला, त्यात थ्येनचिनसह चार चिनी बंदरे नेपाळला खुली झाली. हजारो किलोमीटर लांबची ही बंदरे कोलकात्याला पर्याय होऊ शकत नाहीत, असे म्हणून भारतात हा करार हसण्यावारी नेणारे बरेच भेटतात. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण पारगमनात भारताची शंभर टक्के मक्तेदारी कायद्याने संपली ती या सहीने, आणि एरवी असा करार करण्याचे धाडस काठमांडूत कुणी एवढ्या सहज केले नसते.

ट्रक कसे सुटले

नाकाबंदी कुणी समारंभाने उठवली नाही, ती विरत गेली. खुल्या सीमेवर इंधनाची चोरटी वाहतूक जोरात होती. त्यात तराईतलीच गावे कमावत होती. बीरगंजचे व्यापारी आणि कामगार महिनोन्‌महिने हात बांधून बसून कंटाळले होते. २३ जानेवारी २०१६ ला संविधानाची पहिली दुरुस्ती झाली : सरकारी सेवांत प्रमाणशीर समावेश आणि मतदारसंघ आखणीत लोकसंख्येला प्राधान्य. प्रांतांच्या सीमांचा प्रश्न समितीकडे गेला. आंदोलन करणाऱ्या मधेशी पक्षांच्या आघाडीला हे अपुरे वाटले, तरी धरण्याचा दम संपला होता. ५ फेब्रुवारीला सीमेच्या दोन्ही बाजूंच्या स्थानिक लोकांनी आणि व्यापाऱ्यांनीच पुलावरचे तंबू हटवले. तीन दिवसांनी आघाडीने आंदोलन मागे घेतले.

हाती काय आले ते पाहायचे तर ही दुरुस्ती हीच एक मोजण्याजोगी जमा. मतदारसंघांबाबत ती खरीच महत्त्वाची होती. प्रांतांच्या सीमा मात्र आजही त्याच आहेत; आठ जिल्ह्यांच्या त्या प्रांताला २०२२ मध्ये मधेश प्रदेश हे नाव मिळाले, जनकपूर राजधानी झाली. खर्चाच्या बाजूला २०१५-१६ मध्ये एक टक्क्याच्याही खाली घसरलेला नेपाळचा आर्थिक विकासदर आहे आणि २०१७ ची निवडणूक आहे. तिच्यात ओलींनी माओवाद्यांशी युती करून, नाकाबंदीला न झुकल्याचे भांडवल करून, जवळपास दोन तृतीयांश बहुमत मिळवले. मे २०२० मध्ये भारताने लिपुलेख या वादग्रस्त खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन केले तेव्हा याच ओली सरकारने तो भाग नेपाळचा दाखवणारा नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये तो संविधानात घालण्याची दुरुस्ती प्रतिनिधी सभेत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाली. मधेशी खासदारांनीही बाजूने मत दिले.

दिल्लीपुढे दुसरा मार्ग होता का? होता, आणि तो फार अवघडही नव्हता. संविधानाचे स्वागत करायचे, त्याच निवेदनात मधेशचा प्रश्न अपुरा राहिल्याचे स्पष्ट म्हणायचे, नाके वाहते ठेवायचे आणि संविधान सभेत बसलेल्या आपल्या जुन्या मित्रांवर दुरुस्तीसाठी तगादा लावायचा. २००५ मध्ये नेपाळचे सात पक्ष आणि माओवादी यांच्यात राजाविरुद्धचा बारा कलमी समझोता दिल्लीतच झाला होता. पडद्याआड लोकांना एकत्र बसवणे भारताला जमत नव्हते असे नाही. जानेवारीत झाली ती दुरुस्ती या मार्गानेही झाली असती असे मला वाटते, कारण तिला नेपाळी काँग्रेसचा तात्त्विक विरोध नव्हता. बिहारमध्ये त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. सीमेपलीकडच्या नातेवाइकांची बाजू घेणे तिथे खपेल, असा हिशेब दिल्लीत कुणी केला असेल तर निकालाने त्यालाही साथ दिली नाही.

नंतर डागडुजी झाली. मोतिहारी-अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. पेट्रोलियमचा पुरवठा आजही इंडियन ऑइलचाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट वीज नेपाळकडून घेण्याचा करार झाला, म्हणजे अवलंबित्वाचा काही भाग आता उलट दिशेनेही वाहू लागला आहे. १९५० च्या करारासह सगळ्या संबंधांचा फेरविचार करायला २०१६ मध्ये दोन्ही देशांनी मान्यवरांचा गट नेमला. भारताच्या बाजूने त्याचे नेतृत्व भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे होते, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले तेच. गटाने २०१८ मध्ये एकमताने अहवाल तयार केला. तो आधी भारताच्या पंतप्रधानांना आणि मग नेपाळच्या पंतप्रधानांना सादर करायचा असे ठरले होते. दिल्लीने वेळ दिली नाही, आणि अहवाल पडून राहिला.